घर मुलांच्या नावावर केलं की सुटलो?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत एक सल्ला हमखास फिरतो. ‘केअर होममध्ये (म्हातारपणी देखभालीसाठी राहायच्या जागेत) गेलात की कौन्सिल (स्थानिक पालिका) घर विकायला लावते. म्हणून घर आत्ताच मुलांच्या नावावर करा. सात वर्षं काढली की कुणी हात लावू शकत नाही. भारतातल्या फ्लॅटचं बोलूच नका. आणि ८६,००० पौंडांपुढचा खर्च तसाही सरकारच करतं.’

पहिल्या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बचत आणि मालमत्ता मिळून २३,२५० पौंडांच्या वर गेली, तर केअर होमचा सगळा खर्च आपला. १४,२५० च्या खाली असेल, तर त्या पुंजीला धक्का लागत नाही. पेन्शनमधून मात्र वाटा द्यावा लागतो आणि हातखर्चाला आठवड्याला तीसेक पौंड उरतात. हे दोन्ही आकडे २०१० पासून हललेले नाहीत. राग यायचाच तर त्याचा यावा. पण राहतं घर दरवेळी या हिशेबात येत नाही. नवरा किंवा बायको तिथे राहत असेल, किंवा साठी ओलांडलेला नातेवाईक आधीपासून राहत असेल, तर घर वगळतात. केअरर, म्हणजे देखभाल करणारे, घरीच येत असतील तर घर मोजतच नाहीत. एकट्या माणसाचं घरसुद्धा कायमचं केअर होममध्ये गेल्यावर पहिले १२ आठवडे बाजूला ठेवतात. त्यानंतर डिफर्ड पेमेंटचा करार करता येतो: कौन्सिल पैसे भरते, घरावर बोजा चढवते आणि व्याजासकट वसुली घर विकल्यावर किंवा माणूस गेल्यावर करते.

सात वर्षांची गोष्ट मात्र सर्वांत घातक. तो नियम इनहेरिटन्स टॅक्सचा, म्हणजे वारसाकराचा. केअरच्या खर्चाला अशी मुदतच नाही. कौन्सिल बघते तो हेतू: घर दिलं तेव्हा पुढे केअर लागेल याचा अंदाज होता का, आणि खर्च चुकवणं हे देण्यामागचं एक मोठं कारण होतं का? धडधाकट असताना, दुसऱ्या कारणासाठी वीस वर्षांपूर्वी दिलेलं घर वेगळं; डिमेन्शियाचं निदान झाल्यावर घाईघाईने केलेलं बक्षीसपत्र वेगळं. हेतू तोच ठरला, तर दिलेलं घर अजून तुमचंच आहे असं धरून हिशेब होतो. २०१४ च्या केअर ॲक्टच्या ७० व्या कलमाने वसुली थेट मुलाकडूनही होऊ शकते. शिवाय घर देऊन बाजारभावाने भाडं न भरता तिथेच राहिलात, तर टॅक्सची सात वर्षंही कामाला येत नाहीत. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. आणि उद्या मुलाचा घटस्फोट झाला किंवा त्याचं दिवाळं निघालं, तर आई-बाबांच्या डोक्यावरचं छप्पर त्या भानगडीत अडकतं, हे सल्ला देणारे कधी सांगत नाहीत.

पुण्याचा फ्लॅट? परदेशातली मालमत्ताही भांडवलात धरतात, तिथल्या बाजारभावाने. ती लपवणं म्हणजे अर्जात खोटं लिहिणं. ‘पैसा भारतातून आणताच येत नाही’ ही सबबही टिकत नाही. एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्यातून) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरून बाहेर नेता येते.

८६,००० ची मर्यादा २०२१ मध्ये जाहीर झाली, पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने रद्द केली. ती कधी लागूच झाली नाही.

या सल्ल्यात नसलेली एक गोष्ट खरोखर उपयोगाची आहे. आजारपण गंभीर असेल आणि केअरची गरज मुख्यतः वैद्यकीय असेल, तर एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, कन्टिन्युइंग हेल्थकेअर ही योजना पूर्ण खर्च उचलते, आणि त्यासाठी बचत किती, घर कुणाचं, हे विचारत नाहीत. ती मिळणं अवघड असतं. पण हॉस्पिटलमधून थेट केअर होममध्ये हलवायची वेळ आली, की पैशांची बोलणी सुरू होण्याआधी तिची चेकलिस्ट भरून घ्यायला सांगा. नकार आला तर फेरविचारही मागता येतो.