हेपेटायटिस बी असेल तर एआरटी बंद करा म्हणणारा मेसेज साफ चुकीचा आहे

ग्रुपग्रुपवर फिरतोय तो मेसेज तुम्हालाही आला असेल, की एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या, गोळ्या लिव्हर खातात, एचआयव्हीसोबत हेपेटायटिस बी असेल तर एसजीपीटी (लिव्हरला इजा झालीय का ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलं की गोळ्या लगेच बंद करा आणि काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्या, आणि व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) नील आला असेल तर गोळीची गरजच उरत नाही. आमच्या घरात एकाने हेच केलं, म्हणून लिहितोय.

"गोळ्या लिव्हर खातात." सरकारी एआरटी सेंटरवर बहुतेकांना मिळते त्या टीएलडी गोळीत टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर असतं. यातली पहिली दोन हेपेटायटिस बीच्या व्हायरसलाही दाबून ठेवतात, म्हणजे तीच गोळी लिव्हर सांभाळतेय. पूर्वी नेविरापिन या एचआयव्हीच्या औषधाने लिव्हरला त्रास व्हायचा हे खरंय, लोकांच्या मनात ती भीती राहिलीय. टीबीच्या गोळ्या चालू असतील, दारू असेल, तर त्यानेही एसजीपीटी वाढतं.

"गोळ्या सुरू केल्यावर एसजीपीटी वाढलं म्हणजे गोळीच विष." नेहमी तसं नसतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती परत यायला लागते आणि ती हेपेटायटिस बी झालेल्या लिव्हरच्या पेशींवर तुटून पडते, त्यानेही आकडा वर जातो. कारण कोणतं ते डॉक्टर तपासून ठरवतात, औषध बदलायचं तर तेच बदलतात. डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, पण गोळी आपल्या मनाने सोडू नका.

"मग बंद करा." माझ्या मावसभावाने बंद केली. गळ्यात काविळीची माळ घातली, ती माळ रोज लांब होत छातीपर्यंत आली आणि घरचे म्हणाले कावीळ उतरतेय. अहो, माळेतल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात म्हणून ती लांबते! इकडे त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते, जेवण बघूनच उलटी, आणि कपाटात गोळ्यांची बाटली जवळपास भरलेली. हेपेटायटिस बीचा डीएनए लिव्हरच्या पेशीत आत दडून बसतो, गोळी त्याला दाबते पण काढून टाकत नाही, गोळी थांबली की तो परत उसळतो आणि कधीकधी लिव्हर फेल होण्यापर्यंत जातं. भाऊ वेळेत ॲडमिट झाला, गोळी परत सुरू झाली, एसजीपीटी खाली यायलाच कित्येक आठवडे गेले.

"व्हायरल लोड नील." तो एचआयव्हीचा. हेपेटायटिस बीचा डीएनए ही वेगळी टेस्ट आहे, आणि तोही नील आला तरी गोळी चालूच ठेवायची.

आता याच मेसेजखाली कोणीतरी जोडलंय की दोनच औषधांची हलकी गोळी घ्या. डोल्युटेग्राविर-लॅमिवुडिनवाल्या गोळीत हेपेटायटिस बीवर फक्त लॅमिवुडिन उरतं, आणि दोन्ही आजार असलेल्यांमध्ये एकट्या लॅमिवुडिनवर 4 वर्षांत सुमारे 90 टक्के लोकांत ते काम करेनासं होतं. उलट बाजूने, लिव्हरच्या डॉक्टरला एचआयव्हीचं सांगितलंच नाही आणि त्यांनी नुसतं एंटेकाविर हे हेपेटायटिस बीचं औषध दिलं तर एचआयव्हीमध्ये रेझिस्टन्स येऊ शकतो, म्हणजे एचआयव्हीची काही औषधं त्यावर चालेनाशी होतात. लाजू नका, दोघांनाही दोन्ही सांगा.

वहिनीची हेपेटायटिस बीची टेस्ट निगेटिव्ह आली, तिला लस सुरू केलीय, 0, 1 आणि 6 महिन्यांचे तीन डोस, त्यातले दोन झालेत.