घरघर लागलेला रेडिओ

माझ्या मित्राचं म्हणणं असं, की त्याच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ बिघडलेला नाही, नुसता लागत नाही. 'शेवटचा लावला तेव्हा झकास चालू होता' हा पुरावा. शेवटचा कधी लावला होता? तर याच्या मुंजीत. एवढं सांगून त्याने गोधडीत गुंडाळलेलं ते धूड माझ्या टेबलावर ठेवलं आणि पिन खोचायला हात पुढे केला. मी तो हात वरच्यावर धरला.

माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रेडिओला थेट वीज द्यायची नसते. आधी सिरीज बोर्ड लावायचा, म्हणजे विजेच्या वाटेत एक साधा तारेचा बल्ब बसवायचा. रेडिओत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सोपं आहे, फक्त बल्ब मिळायला हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत विजेच्या दुकानातल्या पोराने माझ्यापुढे एलईडी ठेवला. "काका, हाच घ्या, बिल कमी येईल." म्हटलं, मला उजेड नकोय, रेडिओला लावायचाय. त्याने आतल्या शेठना हाक मारली. शेठनी मला वयानुसार समजून घेतलं आणि मागच्या फळीवरून धूळ झटकून साठ वॉटचा एक बल्ब काढून दिला.

मागचा पुठ्ठा काढल्यावर आत झुरळांच्या काही पिढ्या आणि पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक निघालं. रेडिओ ऐकायला दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत, हे आता मुलांना सांगितलं तर त्यांना थापच वाटते. पुस्तक पाहून मित्राचे डोळे भरून आले आणि वडिलांचं अक्षर दाखवायला त्याने थेट व्हिडिओ कॉल लावून बहिणीला बोलावलं. मग ताईंनीही सूचना सुरू केल्या.

खरं दुखणं कंडेन्सरांचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांचं होतं. जुने मेणकागदी कंडेन्सर झिरपायला लागतात, म्हणजे वीज अडवायची सोडून गळू देतात. त्यातला आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या नळीच्या, ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) जोडलेला जो असतो, तो सगळ्यात घातकी. तो झिरपला की ग्रिडवर नको तो दाब येतो, व्हॉल्व्ह अधाशासारखा करंट ओढतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. त्यामुळे पहिली रजा त्याला. पॉवरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळून गेले होतेच. मित्राची अट होती, 'आतून सगळं मूळचंच दिसलं पाहिजे.' म्हणून जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्या पोकळ करून त्यांत नवे, अंगठ्याएवढे कंडेन्सर दडवले. पुठ्ठा उघडून आत बघणार कोण? झुरळं.

आत अडीचशे व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढली तरी कंडेन्सरात दबा धरून बसतात. मित्राला मात्र प्रत्येक गोष्ट बोट लावून विचारायची सवय. शेवटी त्याला दोन्ही हात खिशात घालून, हेडमास्तरांपुढे उभ्या केलेल्या पोरासारखा, लांब उभा केला. तिथूनही तो म्हणाला, "तो हिरवा डोळा आहे ना अजून? आई त्याला मांजर म्हणायची." हिरवा डोळा म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा दिवा.

डायलवरचा काटा हलवणाऱ्या दोरीबद्दल मी फार बोलणार नाही. ड्रम, चार पुल्या, एक स्प्रिंग, आणि दोन हातांच्या माणसाला तीन हातांचं काम. दोरी शेवटच्या पुलीवर चढत असताना मित्राला शिंक आली, एवढंच नोंदवून ठेवतो.

अखेर पिन लावली. "लागत नाही रे," मित्र लगेच. अरे, व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट तरी दे! हिरवा डोळा उघडला, आणि स्पीकरमधून असा खरखराट आला की शेजारच्यांनी खिडकी लावली. हा दोष रेडिओचा नव्हता. एलईडी ट्यूब, मोबाइलचे चार्जर, राउटर, सगळे मिळून मीडियम वेव्हवर गोंधळ घालत होते. एकेक बंद करत घर अंधारात नेलं. सीरियलच्या ऐन वेळी सेट-टॉप बॉक्स बंद केल्याबद्दल बायको जे बोलली, ते इथे छापत नाही.

अंधारात पुणे केंद्र स्वच्छ लागलं. कांद्याचे बाजारभाव.

"हे नको, ते बुधवारचं लाव," मित्र म्हणाला. म्हणजे रेडिओ सिलोनवरची सिनेगाण्यांची बिनाका गीतमाला! बाळकृष्ण केसकरांनी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेसंगीताला आवर घातला आणि अख्खा देश कान घेऊन सिलोनला गेला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली ती त्यामुळेच. हे सगळं मी त्याला समजावलं. तो काटा सिलोनवर नेऊन वाट बघत बसला. तिथे एक बाई चिनीत बोलत होत्या.

रेडिओ त्याच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन.

"बिघडला वाटतं."

"काय होतंय?"

"काही होत नाही, तेच तर. मागून ती घुंऽऽ अशी घरघर यायची बघ. ती येत नाही. बाबांच्या रेडिओसारखा वाटतच नाही."

ती घरघर वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिकची. ती घालवायला तर मी पाठ मोडून घेतली होती.

"स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब लाव," मी म्हणालो.

खटका वाजला. थोडा वेळ तो ऐकत राहिला.

"ही जरा तिखट आहे रे."

"आता हीच मिळते," म्हटलं आणि फोन ठेवला.