सहा दिवसांत रेल्वे? जोबान मार्गाला नऊ वर्षं लागली

एक मजकूर वर्षानुवर्षं फोनवरून पुढे पाठवला जातोय: ‘२०११च्या त्सुनामीने उखडलेली किनाऱ्याची रेल्वे जपानने सहा दिवसांत पूर्ववत केली. इच्छाशक्ती असली की झालं!’ सोबत दोन फोटो, एकात भेगाळलेला डांबरी पट्टा आणि दुसऱ्यात तोच गुळगुळीत.

फोटो खरे आहेत, पण ते रस्त्याचे आहेत. इबाराकी प्रांतातल्या नाका नावाच्या शहरात जोबान द्रुतगती महामार्गाचा सुमारे १५० मीटरचा तुकडा भूकंपाने फाटला होता, तो सहा दिवसांत दुरुस्त झाला. त्सुनामीचा तिथे संबंध नाही. जोबान नावाचा किनाऱ्याकडचा रेल्वेमार्गही आहे, टोकियोतल्या निप्पोरीपासून सेंदाईजवळच्या इवानुमापर्यंत ३४३.७ किलोमीटर. १८९८ मध्ये तो सलग जोडला गेला आणि जोबान खाणींचा कोळसा वाहून नेणं हे त्याचं मोठं काम होतं.

‘सहा दिवसांत’

११ मार्च २०११ला तुटलेला हा रेल्वेमार्ग पुन्हा सलग सुरू झाला १४ मार्च २०२०ला. मधल्या काळात तो तुकड्यातुकड्याने जोडला गेला: हारानोमाची–सोमा डिसेंबर २०११, हिरोनो–तात्सुता जून २०१४, ओदाका–हारानोमाची जुलै २०१६, नामिए–ओदाका एप्रिल २०१७, तात्सुता–तोमिओका ऑक्टोबर २०१७. सगळ्यात शेवटी तोमिओका–नामिए हा २०.८ किलोमीटरचा भाग.

यातला हारानोमाची–सोमा तुकडा सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजूंनी तुटलेलाच होता. रुळांवरून गाडी आणायला वाटच नव्हती, म्हणून डबे ट्रेलरवर लादून रस्त्याने आणावे लागले. ‘सुरू झाली’ या दोन शब्दांमागे असली कामं असतात.

‘पूर्ववत केली’

पूर्ववत केली नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. शिनची स्थानकात चार डब्यांची गाडी उभी असताना भूकंप झाला. गाडीत योगायोगाने दोन पोलीस होते. त्यांनी सुमारे ४० प्रवाशांना चालवत उंचावर नेलं. सगळे वाचले. मागे राहिलेली गाडी लाटेने उचलून मुरगाळून टाकली. त्याच जागी तेच रूळ टाकले असते तर पुढच्या लाटेलाही तेच घडलं असतं. म्हणून कोमागामिने ते हामायोशिदा दरम्यान १४.६ किलोमीटर मार्ग आत सरकवला, काही ठिकाणी १.१ किलोमीटरपर्यंत. शिनची, साकामोतो आणि यामाशिता ही तिन्ही स्थानकं नव्या जागी गेली. मार्ग हलवायचा म्हणजे नवी जमीन घ्यायची, भराव आणि उन्नत पूल बांधायचे आणि स्थानकाबरोबर वस्तीही हलवायची. सोमा–हामायोशिदा १० डिसेंबर २०१६ला सुरू झालं.

‘इच्छाशक्ती असली की झालं’

तोमिओका–नामिए भाग त्याच त्सुनामीत अपघात झालेल्या फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्पाजवळून जातो. तिथे रूळ दुरुस्त करण्याआधी किरणोत्सार कमी करणं भाग होतं. खडी, झाडोरा आणि मातीचा वरचा थर काढून न्यायचा, नवी खडी टाकायची, प्रत्येक टप्प्यावर पातळी मोजायची. कामगारांचे तासही त्यांना मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेवरून ठरतात. माणसं वाढवली म्हणून हे काम त्या प्रमाणात वेगाने होत नाही. स्थानकं तयार असूनही परिसर रिकामा ठेवण्याचा आदेश उठला तेव्हाच उपयोग: फुताबा ४ मार्च २०२०, ओनो ५ मार्च, योनोमोरी १० मार्च.

‘जपानमध्ये गाडी कुठेही पळते’

हे वाक्य त्याच मजकुराच्या शेपटीला असतं, आणि याच मार्गावर ते कोसळतं. टोकियोकडून तोरिदे स्थानकापर्यंत गाड्यांना १५०० व्होल्ट डीसी वीज मिळते, पुढे २० हजार व्होल्ट एसी. कारण काकिओकाची भूचुंबकीय वेधशाळा, म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी संस्था. डीसीचा परतीचा प्रवाह रुळांतून थोडा जमिनीत झिरपतो आणि एकाच दिशेने वाहत असल्यामुळे चुंबकीय मोजणी बिघडवतो. ५० हर्ट्झच्या एसीची दिशा सतत उलटसुलट होते, त्यामुळे तो त्रास राहत नाही. तोरिदे आणि फुजिशिरो यांच्या मधल्या वीजविरहित पट्ट्यात गाडी वेगाच्या जोरावर घरंगळत जाते. जुन्या गाड्यांत तेवढ्यात दिवेही जायचे. दोन्ही वीजप्रणालींची गाडी नसेल तर तोरिदेलाच थांबायचं.

आज टोकियो–सेंदाई अशा हिताची एक्सप्रेसच्या रोज तीन फेऱ्या या मार्गाने होतात. ओनो–फुताबा मात्र आधी दुहेरी होतं, ते एकेरीच उभारलं. दुसऱ्या रुळाच्या जागेवर वाट ठेवली आहे. गाडी मध्येच अडकली तर प्रवाशांना त्या वाटेने बाहेर काढता येतं.