रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, पण हाडांचं काय?

‘रक्तातलं शिसं नॉर्मल आलं, की मोटर न्यूरॉन आजारात शिशाचा संशय सोडून द्यावा’ हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. (मोटर न्यूरॉन आजार म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जाणं.) शिशाशी संबंध थांबला की रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं हातानं जुळवायचे. ही अक्षरं, म्हणजे खिळे, मुख्यतः शिशाचेच, त्यात थोडं अँटिमनी नि कथील. बोटांची टोकं कायम काळपट, आणि त्याच बोटांनी तंबाखू मळायची! (हा आजार त्यांना झाला नाही, हेही सांगून टाकतो.) निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांचं रक्त तपासून काय कळलं असतं? आधी पेशा विचारायला हवा, तोही तरुणपणापासूनचा.

अर्थात रुग्णांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं म्हणून तेच कारण, असंही नाही. हिंडणंफिरणं थांबलं की हाडं झिजतात आणि त्यातलं जुनं शिसं रक्तात उतरतं. म्हणजे आजार आधी, शिसं नंतर, असंही असू शकतं. लेखात याचा साधा उल्लेखही नाही.