हातमोजे कपाटात, सर्टिफिकेट भिंतीवर

आज वाशीत मैत्रिणीच्या मुलाच्या साखरपुड्याला गेले होते. मोठं हॉटेल. रिसेप्शनच्या मागे सोनेरी फ्रेममध्ये आयएसओ ९००१ चं, म्हणजे कामाचा दर्जा सांभाळण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, सर्टिफिकेट. गाडी काढायला खाली गेले, तर आम्हाला आत्ताच आग्रहाने वाढणारी मुलं पार्किंगच्या उतारावर, ओल्या कचऱ्याच्या पिशव्यांशेजारी उकिडवी बसून जेवत होती. डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

माझी आत्या ठाण्यात एका हॉटेलात भांडी घासायची. ऑडिटच्या दिवशी रबरी हातमोजे कपाटातून बाहेर यायचे. ऑडिटर गेला की परत कपाटात, वर कुलूप. एरवी भांड्यांचं ते केमिकल आणि तिचे उघडे हात. पेरांना चिरा पडलेल्या. आमच्याकडे भाकऱ्या थापायला बसली की पिठातलं मीठ झोंबायचं तिला.

याला क्वालिटी म्हणायचं? आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत कामाच्या जागेचाही विचार आहे. उष्णता, हवा, स्वच्छता तर आहेच, माणसावरचा ताण आणि भेदभाव यांचाही उल्लेख आहे. म्हणजे ती उतारावरची पोरंही त्या सर्टिफिकेटात येतात! पण सामाजिक जबाबदारी म्हटलं की हॉटेलवाल्यांना वृक्षारोपण आठवतं, तेही बॅनरसकट. आयएसओ २६००० हे त्यासाठीचं मार्गदर्शन २०१० पासून आहे. त्याचं सर्टिफिकेट दिलं जात नाही. मला वाटतं, म्हणूनच कुणी त्याच्या वाटेला जात नाही.

जून २०१९ मध्ये गुजरातेत डभोईजवळ एका हॉटेलच्या सेप्टिक टँकमध्ये सात माणसं जीवानिशी गेली. चार सफाई कामगार आणि तीन हॉटेलचेच नोकर. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पलंगावरची चादर नीट ताणली का हे बघायला हॉटेलांत सुपरवायझर असतो, आणि टाकीत कोण उतरतंय हे बघायला कुणीच नसतं? लाज वाटली पाहिजे.

असो. जरा शांत होऊन पुढचं लिहिते, कारण आत्याची गोष्ट तिथे संपली नाही.

तळणीच्या तेलातले पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवलं की वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. तेव्हा आत्याच्या हॉटेलात नवा किचन मॅनेजर आला होता. भला माणूस. त्याने मोरीजवळ मराठीत या नियमाचा तक्ता लावला आणि तेलाच्या नोंदींची वही आत्याकडे दिली. चौथी शिकलेली बाई! एकदा शेफ काळंकुट्ट तेल परत कढईत ओतायला निघाला, तर हिने वही पुढे धरली. "मी सही करणार नाही." तो गुरगुरला, पण तेल गेलं टाकाऊ डब्यात. पुढे त्याच वहीत तिने हातमोज्यांचा रकाना पाडून घेतला आणि कपाटाची किल्ली स्वतःकडे मागून घेतली. गिऱ्हाइकाचं पोटही सांभाळलं गेलं आणि तिचे हातही.

मान्य, वाशीतली भाडी भयंकर आहेत आणि लहान हॉटेलवाल्याला ऑडिटचा खर्च झेपत नाही. पण जेवायला एक बाकडं टाकायला कुठलं ऑडिट लागतं?

भाच्याच्या मुंजीसाठी ऐरोलीत हॉल बघतोय. या वेळी मेनूआधी मी कामगारांची जेवायची जागा दाखवा म्हणणार आहे. नीट वागवणारं हॉटेल तुमच्या माहितीत असेल तर लवकर सांगा, ॲडव्हान्स अजून दिलेला नाही.