पंधरा दिवसांची मुदत

गेल्या वर्षी घराचं रंगकाम काढलं, तेव्हा पुस्तकं खोक्यांत भरता भरता माझीच मला लाज वाटली. ३१ पुस्तकं अशी निघाली की त्यांची प्लास्टिकची वेष्टणंसुद्धा फाडलेली नव्हती. प्रदर्शनात सूट दिसली की उचलायची, घरी आणून फोटो टाकायचा, झालं. बायको म्हणाली, "ही वाचायला आणलीस की लोणच्यासारखी मुरवायला?"

त्याच आठवड्यात घराजवळच्या वाचनालयात नाव घातलं. अनामत आणि महिन्याची वर्गणी मिळून हॉटेलातल्या एका जेवणाएवढीही झाली नाही. तिथल्या काकूंनी पुस्तकात चिकटवलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारला. मुदत पंधरा दिवस.

वाचनाची सवय लावायला त्या शिक्क्याइतकं गुणकारी औषध नाही, असं माझं आता ठाम मत झालंय. विकतचं पुस्तक कुठे पळून जात नाही, म्हणूनच ते वाचून होत नाही. परत द्यायचंय म्हटलं की हात आपसूक तिकडे जातो. रोज १५ पानं वाचली तर २०० पानांचं पुस्तक चौदा दिवसांत हातावेगळं होतं. १५ पानं म्हणजे माझं डोंबिवली ते घाटकोपर, तेही बसायला मिळालं तर. उभ्याने सात-आठ, उरलेली रात्री.

आता ज्यावरून आमच्या ग्रुपवर हमखास वाद होतो ते. नाही आवडलं तर पुस्तक अर्धवट सोडा! एका गाजलेल्या कादंबरीने मला तीन महिने अडवून ठेवलं होतं. ती पुढे सरकेना आणि ती संपल्याशिवाय दुसरं हातात घेणं बरं दिसेना. ताटात टाकायचं नाही, हा आपल्यावरचा संस्कार. तोच आपण पुस्तकालाही लावतो. पण ते काही उष्टं होत नाही. परत केलं की दुसऱ्या कुणाला तरी मिळतं. मी ४० पाने वाट बघतो, मग नमस्कार.

वाचन पार सुटलं असेल तर जाडजूड कादंबरीने सुरुवात करूच नका, दिवाळी अंक घ्या. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही सोय आपल्याकडे आहे. कथा जमली नाही तर पान उलटा, लेख आहे; तोही नको तर व्यंगचित्र आहे. राशिभविष्यापासून सुरुवात केलीत तरी कुणी हसणार नाही, आमच्याकडे सगळे तिथूनच करतात. बऱ्याच वाचनालयांत वेगळी वर्गणी भरली की अंक आळीपाळीने घरी नेता येतात.

'वर्षाला ५० पुस्तकं' वगैरे संकल्प मात्र माझ्याच्याने होत नाहीत. एकदा केला होता. डिसेंबरात आकडा गाठायला मी पातळ पुस्तकं शोधत हिंडत होतो.

परवा काकूंनी एक प्रवासवर्णन माझ्यासाठी टेबलाच्या खणात राखून ठेवलं होतं. मला प्रवासवर्णनं आवडत नाहीत, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. २७ तारखेचा शिक्का आहे. आज २१. मी ११२व्या पानावर आहे.