केटामिन, उघडे डोळे आणि एक फिरता संदेश

प्राण्यांना दिल्या जाणाऱ्या भुलीविषयी एक संदेश सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. केटामिन हे घोड्यांसाठी काढलेले औषध आहे, त्याने प्राणी केवळ जखडला जातो आणि उघड्या डोळ्यांनी सारे भोगतो, गुंगीची औषधे वजनाच्या हिशेबाने कोणत्याही जनावराला देता येतात, आणि एवढे करूनही दहांतला एक प्राणी दगावतोच, अशी चार विधाने त्यात आहेत. त्यांतले एकही जसेच्या तसे टिकत नाही.

घोड्यांचे विधान लवकर निकालात निघते. केटामिन १९६२ मध्ये तयार झाले ते माणसांच्या भुलीसाठी अधिक सुरक्षित औषध शोधताना, आणि १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

उघड्या डोळ्यांचे निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. केटामिनच्या अमलाखालील मांजर टेबलावर टक्क डोळ्यांनी पडलेले असते, बाहुल्या विस्फारलेल्या, पाय ताठ, मधूनच ते घोटही गिळते. हे पाहून मालकाच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. परंतु हे औषध मेंदूतील एनएमडीए ग्राहींना, म्हणजे चेतापेशींवरील संदेश टिपणाऱ्या रेणूंना, अडवून संवेदना आणि जाणीव यांमधला दुवाच तोडते. श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या आयसोफ्लुरेनच्या भुलीत कुत्र्या-मांजरांचे बुबुळ खाली नाकाकडे वळते, केटामिनमध्ये ते मध्यभागीच राहते, म्हणून डोळ्यांवरून भुलीची खोली जोखण्याची सवय येथे कामाची नाही. डोळे कोरडे पडू नयेत यासाठी त्यांत मलम मात्र आठवणीने घालावे लागते. पोटातील अवयवांच्या वेदनेवर एकटे केटामिन अपुरे पडते हे मान्य केलेच पाहिजे, आणि म्हणूनच त्याच्या जोडीला मिडाझोलाम किंवा झायलाझिन यांसारखे गुंगीचे औषध, किंवा ओपिऑइड (अफूसारख्या) गटातील वेदनाशामक दिले जाते. हाच आक्षेप संदेशाने ॲसेप्रोमाझिन या शामक औषधावर घेतला असता तर तो पटला असता: त्याने प्राणी शांत दिसतो, रक्तदाब उतरतो, वेदना मात्र कमी होत नाही.

वजनाच्या हिशेबाचे विधान चारांत सर्वांत घातक, कारण ते वाचून कोणी सुई हातात घेऊ शकतो. झायलाझिनचेच पाहा. शिरेतून देताना घोड्याची नेहमीची मात्रा किलोमागे सुमारे १.१ मिलिग्रॅम असते, गायीची ०.१ किंवा त्याहूनही कमी. म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला ५५० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच वजनाच्या गायीला फार तर ५०. घोडा त्याच्या मात्रेवर मान खाली घालून, खालचा ओठ लोंबवत उभा राहतो. गाय तिच्या मात्रेवरच खाली बसते, लाळ गाळते, तिचे रवंथ थांबते, पोट फुगते, आणि पोटातले घशाशी येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. गाभण गायीत शेवटच्या महिन्यांत ते गर्भाशय आकुंचित करते. डुक्कर याच्या अगदी उलट, घोड्याच्या मात्रेलाही फारशी दाद देत नाही. शिवाय हे औषध हृदयाचे ठोके मंदावते, म्हणून योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल हा उतारा हाताशी ठेवतात. संदेशातील हिशेबात त्याचा उल्लेखही नाही.

दहांत एक मृत्यू या आकड्यालाही आधार नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरांची नोंद ठेवली गेली. भूल किंवा गुंगीमुळे दगावण्याचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के निघाले, आणि निरोगी कुत्र्यांत तर ०.०५ टक्के. सशांत ते १.३९ टक्के होते, म्हणजे ससा पाळणाऱ्याची धास्ती अगदीच अनाठायी नाही. त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली: बरेच मृत्यू टेबलावर नव्हे, तर शस्त्रक्रिया संपल्यानंतर, विशेषतः पहिल्या तीन तासांत झाले होते, जेव्हा यंत्रे काढलेली असतात आणि प्राणी नुसता झोपलेला दिसतो.